निजामची दोन आणे चरबी

देऊळघाट,
ता. १२ जानेवारी १९४६

चि. नारायणास अंबूबाईचे, म्हणजे तुह्या आजीचे, पोटभर आशीर्वाद.

मी बोलून राह्यली आन शेजारची जमीला लिहून राह्यली. तिले मी सांगतलं का पोरी, तोंडातून निघते तसं लिही, साबण लावून धुऊ नको. नातवाले आजी ओळखू आली पाह्यजे.

तू चार वरसापासून नागपुरात डॉक्टरकी शिकून राह्यला. माणसं चिरतो, तीही मेलेली, म्हणून मी काही बोलत नाही. पण आता एका जित्या माणसाचं काम पडलं, त्याच्यासाठी हे पत्र.

आपला निजाम पहेलवान, या जमीलाचा मालक. तू नागपूरले गेला तवा तुही लोखंडी पेटी ज्यानं एका हातानं मोटारीच्या टपावर फेकली, तोच. बाजारात कापसाचे बोरे उचलते. मलकापूरच्या एका कापसाच्या जिनिंगात चौकीदाराची जागा निघाली. पगार बरा, राहाले दोन खोल्या, आन कंपनी माणसाचा विमा काढते. पण विमा काढाचा त आधी कंपनीचा डॉक्टर पास करते. त्या डॉक्टरनं निजामले काट्यावर उभं केलं, भिंतीले टेकवून उंची घेतली, आन भिंतीवरच्या तक्त्यात बोट फिरवलं. उंची साडेपाच फूट, वजन एकशे एकोणनव्वद पौंड. म्हणे, तक्त्यापेक्षा एकोणतीस पौंड जास्त आहे, अंगात चरबी लय झाली, अशा माणसाचं काळीज दगा देते. फेब्रुवारी संपेपर्यंत उतरवून आण, नाही त जागा दुसऱ्याले.

त्या दिवसापासून हा येडा एका भाकरीवर आहे. कालच्याले मी त्याले बोलावलं, दंडाचं मागचं कातडं चिमटीत धरलं, मंग पाठीवर खवाट्याखालचं, मंग बेंबीजवळचं. तो लाजून उंबरठ्याकडे पाहे. मी म्हटलं, लाजू नको बे, तीस वरसं मी खाटकासाठी बकऱ्या चाचपून राह्यली, तू काही निराळा नाहीस.

माहा हिशेब तुले ठाऊक आहे. अख्खा जीव म्हंजे रुपया, सोळा आणे. त्यात चरबी किती आणे, ते माही बोटं सांगते. निजाम दोन आणे निघाला. बाकी चौदा आणे हाड आन गोश्त.

आता तू सांग, डॉक्टरचा कागद खरा का माही चिमटी खरी? लवकर सांग. हा गडी दिवसाले एकच भाकर खाते आन बोरे मात्र तेवढेच उचलते.

तुही आजी
अंबूबाई

(नारायणभाऊ, आजी विडा लावायला आत गेल्यात तोवर मी जमीला दोन ओळी लिहिते. ते आता दुपारी बोऱ्याला टेकून बसतात. लग्नाला सहा वर्षं झाली, मी त्यांना दिवसा बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. काही उपाय असला तर कळवा.)


नागपूर,
ता. २० जानेवारी १९४६

आजीच्या पायांवर नारायणाचं डोकं, चिमटा न घेण्याच्या अटीवर.

तुझं पत्र मी वर्गातल्या दोघांना वाचून दाखवलं. आता सगळ्या वसतिगृहात आम्ही एकमेकांना आण्यांत मोजतो. आमचा खानावळवाला साडेपाच आणे आहे असं बहुमतानं ठरलं.

तक्त्याचं सांगतो. तो विमा कंपन्यांनी लाखो माणसांची वजनं आणि आयुष्यं पाहून बांधला आहे. गर्दीसाठी बरा आहे. पण काट्याला हाड, मांस आणि चरबी यातला फरक कळत नाही. पोत्यात सरकी आहे की रुई, हे वजनावरून सांगता येईल का? तसंच. निजामभाईसारख्या कसलेल्या माणसापाशी तक्ता हमखास घसरतो.

पण आजी, तुझ्या चिमटीवरही मला एकदम भरवसा टाकता येत नाही. आम्ही इथे लोहाराकडून एक चिमटा करून घेतला आणि एकाच मुलाच्या दंडाचं कातडं तिघांनी मोजलं. तीन आकडे आले. एकानं मांसही पकडलं होतं, एकानं नुसतं कातडं. शिवाय चिमटीला कळते ती कातड्याखालची चरबी. पोटात आतड्यांभोवती असते ती तिला कशी कळणार?

सगळ्यांत खात्रीची रीत पाण्याची आहे. आमच्याकडे एक अमेरिकन मासिक आलं आहे. तिकडच्या आरमारातल्या डॉक्टरांनी तक्त्यानं नापास केलेले धट्टेकट्टे खेळाडू पाण्यात बुडवून तोलले आणि ते सडपातळ निघाले. चरबी पाण्यापेक्षा हलकी, मांस आणि हाड जड. म्हणून ज्याच्या अंगात चरबी कमी, तो पाण्याखालीही काट्यावर काही शेर भरतो. चरबीवाला भरतच नाही.

आपल्या मळ्यातल्या विहिरीवर मोटेचं चाक आहे. त्याला कापूस तोलायचा काटा टांगा. काट्याला दोर, दोराला फळी, आणि फळी तरंगू नये म्हणून तिला जात्याची तळी बांधा. आधी नुसती फळी आणि तळी पाण्याखाली तोला. मग निजामभाईंना तिच्यावर बसवून डोक्यासकट बुडवा आणि तोला. दोन्हींतला फरक मला कळवा. बाहेरचं वजन शेरांत पुन्हा घ्या. हिशेब मी करतो.

तुझं उत्तर बरोबर आलं तर मी सबंध वर्गाला पेढे देईन. आणि हो, तू स्वतः किती आणे आहेस ते कधी सांगितलं नाहीस.

तुझा
नारायण


देऊळघाट,
ता. २९ जानेवारी १९४६

चि. नारायणास आशीर्वाद, चिमट्यासकट.

लोहाराचा चिमटा आन माही बोटं एका रांगेत बसवतो काय बे? तीन पोट्टे, तीन आकडे, हे मले नवं नाही. शिकाले आलेल्याची चिमटी पहिलं वरसभर खोटीच बोलते. पण मी रोज बकरी पाहो, सांगो, आन मंग फकीर मोहम्मद खाटीक तिले कापून चरबी काट्यावर टाके. मी दोन शेर म्हटलं आन अडीच निघाली, त फकीरभाई साऱ्या बाजारात ओरडून सांगे. असं तीस वरसं चाललं. माही चूक मले रोज दिसली, म्हणून बोटं सुधरली. तुह्या तक्तेवाल्या डॉक्टरले त्याची चूक कोणं दाखवली? त्यानं कोण्या माणसाले कापून पाह्यलं?

पण पाण्याचं मले पटलं. काल अर्धं गाव विहिरीवर होतं. आडत्याकडून काटा आणला, मोटेच्या चाकाले टांगला. काटा वाचाले वामनराव पटवारी बसले. आता पेन्शनीत आहेत, कोणाचीबी मोजणी निघाली का त्यायले हुरूप येते. निजाम बाहेर ब्याण्णव शेर भरला, म्हंजे दोन मण बारा शेर. मंग आम्ही तळी तोलली, मंग तो लंगोट लावून फळीवर बसला.

पहेलवानाचा थाट तुले काय सांगू. काठावर लोक पाहून त्याले आखाडाच वाटला. 'बिस्मिल्ला' म्हणून त्यानं एवढा दम भरला का छाती मडक्यासारखी फुगली, आन मंग बुडी मारली. शंभर मोजेपर्यंत अंदर राह्यला. लोकायनं टाळ्या पिटल्या.

काट्यावर निजामचं वजन निघालं शून्य. नुसती तळी भरली. वामनरावायनं तीनदा पाह्यलं. तिन्ही येळा शून्य. फळी दोन्ही हातानं धरून बसला नसता त ना बुडाला असता, ना वर आला असता.

हे कसं झालं ते तू सांग. माहं मन नाही मानून राह्यलं, पण जे झालं ते लिहून धाडते.

माहे आणे इचारू नको. बाईले वय इचारत नाही तसं चरबी इचारत नाही.

तुही आजी

(त्यांनी घरी आल्यावर विचारलं, शून्य म्हणजे चांगलं की वाईट? मी म्हटलं, नारायणभाऊ सांगतील. – जमीला)


नागपूर,
ता. ६ फेब्रुवारी १९४६

आजीस दंडवत.

हे पत्र लिहायला दोन दिवस घेतले. गणित चार वेळा केलं. बाहेर ब्याण्णव शेर आणि पाण्यात शून्य, याचा अर्थ चरबी साडेसहा आणे होते. तुझ्या दोन आण्यांच्या तिपटीहून जास्त.

माणसाच्या बाबतीत तुझी बोटं चुकली असतील. बकरीचं कातडं पातळ, माणसाचं वेगळं. आणि मी म्हणालो तशी पोटातली चरबी चिमटीला लागत नाही. डॉक्टरांचं म्हणणं खरं दिसतं.

निजामभाईंना सांग, उपाशी राहू नका, हळूहळू उतरवा. पण फेब्रुवारीच्या आत एकोणतीस पौंड हळूहळू कसे उतरायचे, ते मलाही ठाऊक नाही. जमीलावहिनी, तुम्हीच हे वाचत असाल. मला वाईट वाटतं.

नारायण


देऊळघाट,
ता. १४ फेब्रुवारी १९४६

नारायणा,

आज आशीर्वाद मागाहून देईन, आधी आयकून घे.

तुहं पत्र जमीलानं मले वाचून दाखवलं. 'साडेसहा' तिनं दोनदा वाचलं. निजामनं ते आयकलं आन उरलेली भाकरबी सोडली. तिसऱ्या दिवशी बाजारात बोरा खांद्यावर घेतला आन चक्कर येऊन बोऱ्याखालीच बसला. लोकायनं उठवला. जो माणूस दोन बोरे घेऊन हसत जाये, त्याले चार जणायनं धरून आणला.

मी त्याच्या उशाशी बसली आन इचार केला. तीस वरसं माही बोटं खोटी बोलली नाही, आन पाणीबी खोटं बोलत नाही, त मंग मधात कोण खोटं बोलते? असा इचार करत वर पाह्यलं, त आढ्याले तुहा भोपळा टांगलेला. तोच सुका भोपळा, जो पाठीले बांधून मी तुले त्याच विहिरीत पोहणं शिकवलं. तू तेवा एक मणाचा होता आन तो अदपाव भोपळा तुले वर धरे. काऊन? त्याच्या अंदर हवा.

मी जमीलाले म्हटलं, भोपळा निजामच्या छातीत आहे.

त्यानं आखाड्यातला दम भरला होता. जेवढा दम मोठा तेवढा तो तरंगला. पहेलवानी नडली त्याले. आन तू, चार वरसं शिकलेला माणूस, हवा काढून बुडवा एवढं लिहाचं इसरला.

मी त्याले दोन दिवस दूधभाकर चारली. काल पुन्हा विहिरीवर नेला. म्हटलं, छातीतलं सारं बाहेर फेक, पिचकलेल्या पखालीसारखा हो, मंग बूड. पहिल्यांदा घाबरला. म्हणे, आजी, दम न घेता पाण्यात जाणं म्हंजे कबरीत जाणं. मी म्हटलं, पाच मोजेपर्यंतच कबरीत राह्य, मी काठावर बसली आहे. तीनदा बुडला. तळी वजा जाऊन एकदा सव्वाचार शेर, दोनदा साडेचार.

मंग मी वामनरावायले म्हटलं, आता तुम्ही उतरा. त्यायची अंगकाठी काडीसारखी, तक्त्यात अगदी बरोबर बसते. पण मी त्यायची चिमटी आधीच घेतली होती, गोष्टी सांगता सांगता, समजलंबी नाही. साडेचार आणे. वरून काडी आन पोटात लोणी. नाही-नाही म्हणत उतरले. बाहेर साठ शेर, पाण्यात एक शेर. दात वाजत होते.

आता कर हिशेब. आन यावेळी छातीत काय उरते तेबी धर.

आशीर्वाद आता घे. चुकला तरी माहाच आहे.

तुही आजी

(मी आजींना विचारलं, हे चूक निघालं असतं तर? त्या म्हणाल्या, मग मी बकऱ्या सोडून मेंढ्या धरल्या असत्या. पण निजाम बुडालेले होते तेव्हा त्यांनी माझा हात धरला होता, तो अजून दुखतो. – ज.)


नागपूर,
ता. २० फेब्रुवारी १९४६

आजीस साष्टांग दंडवत, आणि कान पकडून क्षमा.

हवेचं मासिकात स्पष्ट लिहिलं होतं. मला ते इतकं उघड वाटलं की लिहिलंच नाही. आणि शून्य आलं तेव्हा मी तुझ्यावर शंका घेतली, स्वतःवर नाही. आमच्या मास्तरांना हे सांगितलं तर ते म्हणाले, तुझ्या आजीला इथे पाठव आणि तू बकऱ्या राख.

कितीही श्वास सोडला तरी छातीत दीड शेर पाणी मावेल एवढी हवा उरते. ती धरून हिशेब असा:

निजामभाई: सव्वादोन आणे. तुझी चिमटी: दोन. डॉक्टरांचा तक्ता: नापास.
वामनराव: सव्वाचार आणे. तुझी चिमटी: साडेचार. तक्ता: उत्तम.

म्हणजे तू दोघांतही एका पैशानं, पाव आण्यानं, चुकलीस, एकदा खाली, एकदा वर. पण पाण्याची रीतही देवाची वाणी नाही. उरलेली हवा मी अंदाजानं धरली आहे. ती थोडी कमीजास्त असली तर पाव आणा इकडचा तिकडे होतो. तेव्हा एका पैशासाठी तू आणि विहीर यांत कोण खरं, हे मी सांगू शकत नाही. मेल्याशिवाय माणसाची चरबी खरीखुरी कोणालाच तोलता येत नाही. तक्ता मात्र दोघांच्याही बाबतीत उलटा पडला, एवढं नक्की.

सोबत डॉक्टरांसाठी इंग्रजी पत्र जोडलं आहे. त्यात मासिकाचा दाखला, विहिरीचे आकडे आणि आमच्या मास्तरांची सही आहे. तारीख जवळ आली आहे, निजामभाईंबरोबर कोणीतरी जा.

एक विचारतो, रागावू नकोस. जागा मिळाली तर जमीलावहिनी मलकापूरला जातील. मग तुझी पत्रं कोण लिहील?

तुझा
नारायण


देऊळघाट,
ता. २ मार्च १९४६

चि. नारायणास आशीर्वाद.

कोणीतरी जा म्हणतो. दुसरं कोण जाणार होतं? मी गेली. बुलढाण्याहून मोटार, निजाम एका बाजूले, जमीला एका बाजूले, मधात मी. रस्ताभर निजाम पोट अंदर घेऊन बसला होता. मी म्हटलं, बे, डॉक्टर अजून तीस मैल दूर आहे, सोड ते.

डॉक्टर भला माणूस आहे. चाळिशीतला, चष्मेवाला, अंगानं तक्त्यात काढल्यासारखा. तुहं पत्र त्यानं दोनदा वाचलं. मंग हसला. म्हणे, बाई, विहिरीत तोललं? म्हटलं, तोललं, आन तुम्ही त त्याचा सदराबी नाही काढला. तेवा त्यानं पत्र बाजूले ठेवलं. निजामले सदरा काढाले लावला. फितीनं छाती घेतली, सेहेचाळीस इंच. कंबर घेतली, तेहेतीस. पुन्हा घेतली. म्हणे, चरबीवाल्याची कंबर छातीपेक्षा एवढी बारीक राहत नाही.

मंग त्यानं मले इचारलं, तुम्ही कशा पाहता ते दाखवा. मी निजामच्या दंडावर दाखवलं. कातडं उचलाचं, गोश्त सोडाचं, मंग दोन्ही बोटायच्या मधात काय राह्यलं ते पाहाचं. तो म्हणे, आणखी एकावर दाखवा. तिथं दुसरा कोणी नव्हता, म्हणून मी त्याच्याच बाहीत हात घातला. जमीलानं डोळे मिटून घेतले.

पावणेपाच आणे. तक्त्यात एकदम पास माणूस.

त्यानं बाही खाली ओढली. मंग त्यानं हळूच इचारलं, यावर उपाय काय? म्हटलं, महिनाभर बकऱ्यायच्या मांगं चाला, त्या बसू देत नाहीत. त्यानं कागद ओढला आन निजामले पास लिहून देलं. खाली काहीतरी जास्तीचं लिहिलं, ते जमीलाले इंग्रजी असल्यानं वाचता आलं नाही. कारकुनानं सांगतलं, 'वजन जास्त, पण ते मांसाचं आहे, स्वतः तपासलं.'

निजाम बाहेर आला आन एका बैठकीले अकरा भजे खाल्ले. मी मोजले.

येत्या रविवारी बैलगाडीत सामान भरतीन. दोन खोल्या आहेत म्हणे, अंगणात नळ आहे. पोरीनं सहा वरसं एका खोलीत काढली. बरं झालं.

तू पत्रायचं इचारलं होतं. वामनराव लिहून देतीन म्हणाले. त्यायचं अक्षर मोत्यासारखं आहे. तुले आता चांगल्या अक्षरातली पत्रं भेटतीन.

एवढंच.

तुही आजी

(त्यांनी मला शेवटची ओळ दोनदा लिहायला लावली आणि दोनदा खोडायला लावली. तिसऱ्यांदा 'एवढंच' म्हणाल्या. खोडलेलं मी सांगणार नाही. – जमीला)


देऊळघाट,
ता. २४ मार्च १९४६

रा. रा. नारायणराव यांसी,

वि. वि. अंबूबाई यांच्या सांगण्यावरून लिहितो की, त्यांची प्रकृती उत्तम असून अन्नावर वासना चांगली आहे. शेळ्या सुखरूप आहेत. एक व्यायली. हवामान कोरडे आहे. सौ. जमीलाबाई व श्री. निजाम मलकापुरी रुजू झाल्याचे ऐकण्यात आहे.

बाईंनी प्रस्तुत लेखकाच्या शरीरयष्टीसंबंधी व विहिरीतील प्रसंगासंबंधी बरेच काही सांगितले. ते विषयास सोडून असल्याने गाळले आहे. त्यांच्या भाषेतही अवश्य त्या दुरुस्त्या केल्या आहेत.

कळावे. लोभ असावा.

अंबूबाई यांचे करिता,
वामनराव


नागपूर,
ता. ३१ मार्च १९४६

आजीस दंडवत.

पत्र पोचलं. अक्षर सुंदर. सगळं पत्र दोनदा शोधलं, तू कुठे सापडली नाहीस.

'अन्नावर वासना चांगली' हे तू कोणत्या जन्मी म्हणाली असतीस? खरं काय ते सांग. उंद्रीहून आईचं पत्र होतं, ती तुला भेटून गेली ना, म्हणते तुझ्या चोळीच्या बाह्या सैल झाल्यात. मी इथून तुझी चिमटी घेऊ शकत नाही, आणि तू स्वतःचे आणे कधी सांगत नाहीस. परीक्षा मेमध्ये संपते, पण त्याच्या आधी मला कोणाकडून तरी खरा आकडा हवा आहे.

हेच पत्र नकलून जमीलावहिनींनाही मलकापूरला पाठवत आहे.

नारायण


मलकापूर,
ता. १४ एप्रिल १९४६

चि. नारायणास आजीचे आशीर्वाद, पहिल्यासारखे, धुतल्याशिवायचे.

पत्ता पाहून चमकू नको. मी मलकापुरात आहे. परवा निजाम जिनिंगची सुट्टी काढून आला, आल्या आल्या माही वळकटी उचलली आन मोटारीच्या टपावर फेकली, तुही पेटी फेकली होती तशी. मी म्हटलं, बे, बकऱ्या कोण पाहीन? त म्हणे, फकीरभाई पाहतीन, मी सांगून आलो. खाटकाच्या हवाली बकऱ्या करून आणली मले. रोज मोजून ठेवा, असं मी फकीरभाईले बजावलं आहे.

इथं सारं बरं आहे. दोन खोल्या, नळ, आगगाडीचा आवाज. निजाम आता दारात खाकी टोपी घालून उभा राहते. येणारे-जाणारे त्याच्या दंडाकडे पाहतात आन सलाम करतात. त्याचे आणे वाढले नाहीत, मी पाह्यले. डॉक्टर काल भेटले. दोन मैल पायी चालतात म्हणे, बकऱ्या नसल्या तरी. मी बाहीकडे हात नेला त मागं सरकले. पण हसले. चार आण्यावर आले असतीन, डोळ्यानं तरी तसं वाटते.

वामनरावायले दोष देऊ नको. भला माणूस आहे. मी 'पोरीविना घर भुंडं झालं' म्हटलं, त त्यायनं 'हवामान कोरडे' लिहिलं. त्यायच्या परीनं तेबी खरंच होतं.

माही तब्येत झकास आहे. मी अंगानं भरलेली आहे, दोन येळा जेवते, वर तूप घेते. तू उगा घाबरला. माहे आणे तुले पाह्यजेत ना? घे, तीन आणे. आता गप्प बस आन अभ्यास कर.

मी आखाजीच्या सणापर्यंत इथं राहीन म्हणते. मले काही गरज नाही. पण या पोरीले लिहाची सवय मोडून राह्यली, अक्षर बिघडीन तिचं, म्हणून.

तुही आजी
अंबूबाई

(नारायणभाऊ, तुम्ही खरा आकडा मागितला होता. आजी आल्या त्या दुपारी मी त्यांची वेणी घालायला बसले आणि त्यांनी शिकवलं तसं दंडामागचं कातडं उचललं. गोश्त सोडून. माझ्या बोटाला बोट लागलं. मधे काहीच नव्हतं. तीन आणे नाहीत, एकही नाही. देऊळघाटला महिनाभर त्या दिवसातून एकदाच चूल पेटवत होत्या, हे त्यांनी निजामना बोलता बोलता सांगितलं, मला नाही. आता दोन्ही वेळा मी समोर बसते आणि ताट रिकामं झाल्यावरच उठते. तुपाचं त्यांनी खोटं सांगितलं होतं, ते काल रात्रीपासून खरं झालं आहे. दर रविवारी वेणी घालीन आणि दर रविवारी तुम्हाला आकडा कळवीन. माझी चिमटी अजून कच्ची आहे, पाव आणा इकडेतिकडे धरा. आखाजीनंतर त्यांना जाऊ द्यायचं की नाही, ते निजामनी आणि मी ठरवलं आहे, त्यांना अजून सांगितलेलं नाही.

आजी आत्ता विचारतायत, "मी कवाची थांबली, तुही लेखणी अजून चालूनच राह्यली. काय लिहून राह्यली व एवढं?"

मी म्हटलं, "काही नाही आजी. पत्ता.")